रांगेचं गणित मांडणारा मास्तर

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय होता, पण तो पेपरापुरता. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हणून सांगितलं गेलं तेव्हा मी आधी इकडेतिकडे बघितलं की हे दुसऱ्या कुणाला तर सांगत नाहीत ना! मग रूम पार्टनरकडून शुद्धलेखन तपासून घेत आणि रोज रात्री आईला फोन करून शब्द विचारत हा लेख पूर्ण केला. काही चुकलंच तर पोटात घाला.

विषय मात्र शोधावा लागला नाही, तो मला रांगेत सापडला.

तुळजापुरात राहायचं आणि रांग माहीत नाही असं होऊच शकत नाही. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा. नवरात्रात तर विचारूच नका. अश्विन पौर्णिमेला सोलापूरकडून पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ता फुलून जातो. मराठी, कानडी, तेलुगू अशा सगळ्या भाषा एकाच रांगेत उभ्या असतात. फर्स्ट इयरला मी पहिल्यांदा दर्शनाला गेले तेव्हा माझ्या पुढे बार्शीकडच्या एक मावशी होत्या. कधी रांग सरसर पुढे जायची, कधी अर्धा तास हलायचीच नाही. त्या शांत होत्या आणि मी सारखी घड्याळ बघत होते. गर्दी तर तेवढीच दिसतेय, मग रांग मध्येच का थांबते, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला आणि तसाच राहून गेला.

हाच प्रश्न शंभरेक वर्षांपूर्वी डेन्मार्कमधल्या एका माणसाने आयुष्यभर उराशी बाळगला होता, हे मला फार उशिरा कळलं. त्याचं नाव आग्नर क्रारुप एरलांग. ऑपरेशन्स रिसर्चच्या पुस्तकात क्यूइंग थिअरीच्या प्रकरणात हे नाव एका ओळीत येतं आणि आपण ते गाळून पुढच्या सोडवलेल्या उदाहरणाकडे वळतो. मीही वळले होते. पण मागच्या सुट्टीत इंटर्नशिपला गेले आणि त्या एका ओळीकडे परत यावं लागलं.

इंटर्नशिप एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात होती. गाव आणि नाव सांगत नाही. ओपीडीच्या केसपेपर काउंटरवर रोज सकाळी मोठी रांग लागायची. काउंटरवरच्या ताई पेशंटचं नाव टाइप करायला स्क्रीन उघडायच्या आणि स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहायचं. कारण प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर डेटाबेस सर्व्हरवर नव्याने लॉगिन करायचं आणि ते लॉगिनच लवकर होत नव्हतं. रांगेतली माणसं ताईंवर ओरडायची. काही आजारी, काही कडेवर लेकरू घेतलेली, काही रात्रीच्या एसटीने आलेली. चूक मशीनची आणि बोलणी माणसाला! त्यातल्या एका ताईंना तर कामात हळू म्हणून समज देण्याची भाषा सुरू झाली होती. दुसरीकडे, सर्व्हर जुना झालाय, नवा घ्या, असा लाखो रुपयांचा प्रस्ताव टाइप होऊन टेबलावर पडला होता.

आमच्या सरांनी मला एक वही आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच घेऊन काउंटरच्या मागे बसवलं. प्रत्येक लॉगिनला किती सेकंद लागतात तेवढंच लिहायचं. मला वाटलं, इंटर्नला गप्प बसवायला दिलेलं काम आहे. पण असं वही घेऊन मोजत बसण्यातूनच एक अख्खं शास्त्र उभं राहिलं होतं. ती गोष्ट आधी सांगते, मग हॉस्पिटलकडे येऊ.

एरलांगचा जन्म 1 जानेवारी 1878 चा, डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या लोनबोर्ग नावाच्या खेड्यातला. वडील गावच्या शाळेचे मास्तर, शिवाय चर्चच्या कारभाराचंही काम बघायचे. आईच्या माहेरी धर्मोपदेशकांची परंपरा होती. आणि गंमत बघा, आईकडच्या पूर्वजांमध्ये थॉमस फिंके नावाचा सोळाव्या-सतराव्या शतकातला गणिती होता. ट्रिगोनोमेट्रीत आपल्याला छळणारे टॅन्जंट आणि सिकंट हे शब्द रूढ करणारा तोच!

घरात चार भावंडं. थोरला भाऊ फ्रेडरिक, मग आग्नर, मग मारी आणि इंगेबोर्ग या दोन धाकट्या बहिणी. संध्याकाळी फ्रेडरिक टेबलापाशी पुस्तक घेऊन बसायचा. आग्नर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायचा आणि तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचायचा. असं करत करत त्याला उलटी अक्षरं सरळ वाचायची सवयच लागली. आमच्या हॉस्टेलवर परीक्षेच्या आदल्या रात्री एका झेरॉक्सवर चौघी तुटून पडतात तेव्हा मला हा मुलगा हमखास आठवतो.

त्याला आकाश बघायची आवड होती. ग्रहताऱ्यांवर तो कविताही करायचा. चौदाव्या वर्षी त्याने कोपनहेगनला जाऊन प्रिलिमिनरी परीक्षा दिली. वय कमी होतं म्हणून खास परवानगी काढावी लागली, आणि तो विशेष गुण मिळवून पास झाला. पण लगेच मोठ्या शहरात शिकायला ठेवण्याइतका पैसा घरात नव्हता. तो गावी परतला आणि दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत मदतनीस म्हणून शिकवत राहिला. त्या काळात त्याने फ्रेंच आणि लॅटिनचाही अभ्यास केला. पुढे हिलेरॉड गावच्या शाळेत तयारी करून 1896 मध्ये त्याने कोपनहेगन विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली. 1901 मध्ये गणित हा मुख्य विषय आणि जोडीला खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र घेऊन तो एम. ए. झाला.

आणि मग काय झालं? काहीच नाही. म्हणजे आपल्याकडे कॅम्पस प्लेसमेंट झालं नाही की वाटतं ना, सगळं संपलं, तसंच काहीसं. एवढा हुशार मुलगा पुढची सात वर्षं वेगवेगळ्या शाळांत मास्तरकी करत राहिला. शिकवायचा चांगलं. स्वभावाने अबोल, चारचौघांत फारसा न रमणारा. पण एक गोष्ट त्याने सोडली नाही. नोकरी सांभाळून गणिताचा अभ्यास चालू ठेवला. डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सच्या गणितावर विद्यापीठाने काढलेल्या बक्षिसाच्या प्रश्नाला त्याने उत्तर पाठवलं आणि 1904 मध्ये त्याचा गौरव झाला. शिवाय डेन्मार्कच्या गणित मंडळाच्या सभांना तो नेमाने जायचा.

त्याच मंडळात त्याची ओळख योहान जेन्सन यांच्याशी झाली. मशीन लर्निंगच्या इलेक्टिव्हमध्ये जेन्सनची इनइक्वॅलिटी येते, तेच हे जेन्सन. आपल्याला वाटतं हे प्रोफेसर असतील. तर नाही, ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य इंजिनिअर होते आणि गणित फावल्या वेळात करायचे! त्यांनी या मास्तरची गाठ कंपनीचे संचालक फ्रिट्स योहानसेन यांच्याशी घालून दिली. योहानसेन स्वतः टेलिफोनच्या ट्रॅफिकचं गणित मांडायचा प्रयत्न करत होते. 1908 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, एरलांग शाळा सोडून टेलिफोन कंपनीत रुजू झाला.

आता त्या काळचा टेलिफोन डोळ्यांपुढे आणा. नंबर फिरवणं नाही, नुसतं रिसीव्हर उचलायचं. एक्स्चेंजमध्ये बोर्डापुढे बसलेली ऑपरेटर विचारणार कोण हवंय, मग हाताने वायर एका भोकातून काढून दुसऱ्यात घालणार. आपल्याकडे मुंबईतही 1882 मध्ये एक्स्चेंज सुरू झालं होतं. माझे आजोबा सांगतात, ट्रंक कॉल बुक करून पोस्टात तासन्‌तास बसायला लागायचं. तर प्रश्न असा होता, की दोन गावांमध्ये लाइन किती टाकायच्या? एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर किती बसवायच्या? जास्त ठेवल्या तर तांब्याचा आणि पगाराचा खर्च वाया. कमी ठेवल्या तर लोक रिसीव्हर कानाला लावून ताटकळणार. सगळा मामला अंदाजपंचे चालला होता.

एरलांगला कंपनीची नवी छोटी प्रयोगशाळा सोपवण्यात आली, पण सुरुवातीला हाताखाली मदतनीसच नव्हते. मोजमापं घ्यायला तो स्वतः रस्त्यावर जायचा. कोपनहेगनच्या रस्त्यांवर हा एम. ए. झालेला गणिती मॅनहोलमध्ये उतरून केबलमधले भरकटलेले विद्युतप्रवाह मोजतोय आणि मागे शिडी घेऊन एक कामगार चाललाय, असं दृश्य लोक बघायचे. मला हे फार आवडलं. थिअरीवाला म्हणून त्याने चिखलाला नाक मुरडलं नाही.

1909 मध्ये त्याचा पहिला महत्त्वाचा लेख आला, संभाव्यतेचा सिद्धान्त आणि टेलिफोनवरची संभाषणं या विषयावर. त्यात त्याने दाखवलं की हजारो माणसं आपापल्या मर्जीने, एकमेकांना न विचारता फोन उचलत असतील, तर ठरावीक वेळात येणाऱ्या कॉल्सची संख्या पॉइसाँच्या नियमाने चालते. मिनिटाला सरासरी दोन कॉल येतात म्हणजे दर तीस सेकंदांनी एक असं नव्हे. कधी एकही नाही, कधी एकदम पाच. रांग या एकदम पाचमुळे लागते. सरासरीवर विसंबून व्यवस्था उभी केली की ती नेमकी गर्दीच्या क्षणी कोसळते.

मग 1917 मध्ये त्याचा सगळ्यात गाजलेला लेख आला. त्याच्यातली दोन सूत्रं आज एरलांग बी आणि एरलांग सी म्हणून ओळखली जातात. घाबरू नका, इथे फॅक्टोरियल लिहीत नाही, नुसतं उदाहरण देते.

समजा एका गावातून बाहेर तासाला 60 कॉल होतात आणि प्रत्येक कॉल सरासरी 3 मिनिटं चालतो. म्हणजे तासाभरात 180 मिनिटांचं बोलणं. 180 भागिले 60, उत्तर 3. आपण म्हणू, 3 लाइन पुरतात की! एरलांग बी म्हणतं, थांबा. 3 लाइन टाकल्या तर 100 पैकी जवळजवळ 35 कॉल सगळ्या लाइन बिझी म्हणून परत जातील. 5 लाइन टाकल्या तर 11. आणि 100 पैकी एकापेक्षा कमी परत जावेत असं वाटत असेल तर 8 लाइन लागतील. गरज तीनची दिसते, पण सुखाने चालायचं तर आठ. विश्वास बसत नसेल तर कॅल्क्युलेटर काढून बघा.

एरलांग सी हे परत न जाता थांबणाऱ्यांचं सूत्र, म्हणजे खरी रांग. त्यातून कळतं ते असं. माणसं अचानक येतात, प्रत्येकाच्या कामाला कमीजास्त वेळ लागतो आणि खिडकी एकच आहे. ती निम्मा वेळ गुंतलेली असेल तर माणसाला कामाच्या दुप्पट वेळ लागतो. 80 टक्के गुंतलेली असेल तर पाचपट, 90 टक्के असेल तर दहापट. 80 वरून 90 म्हणजे फक्त दहा टक्के गर्दी वाढली असं आपल्याला वाटतं, पण ताटकळणं दुप्पट होतं. दर्शनाच्या रांगेतल्या माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं!

या सगळ्याचा गाभा फक्त दोन गोष्टींत आहे. किती जण येतात, आणि प्रत्येक जण किती वेळ जागा अडवतो. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे भार. एवढं वेगवेगळं मोजलं की अर्धं काम झालं.

एरलांग लिहायचा अगदी थोडक्यात. कधी कधी सिद्धताही गाळायचा. लेख बहुतेक डॅनिश भाषेत. तरी ब्रिटिश पोस्ट ऑफिसने त्याचं सूत्र स्वीकारलं, त्याचे लेख इंग्रजी, फ्रेंच, जर्मनमध्ये गेले. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधल्या एका संशोधकाने तर मूळ लेख वाचता यावेत म्हणून डॅनिश शिकून घेतल्याचं सांगतात. आपल्या भाषेत चांगलं काम केलं की जग शिकून घेतं, हे वाचून मला माझ्या मराठीची जरा लाजच वाटली.

माणूस म्हणून तो कसा होता? लग्न केलं नाही. धाकटी बहीण इंगेबोर्ग हिने कोपनहेगनमध्ये मानसिक आजार असलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह काढलं होतं, त्या कामाला त्याची मदत असायची. अडलीनडली माणसं त्याच्याकडे यायची आणि हा त्यांना गाजावाजा न करता काही ना काही द्यायचा. घरात पुस्तकांचा मोठा साठा होता. गणित, खगोल, भौतिकशास्त्र तर झालंच, पण इतिहास, तत्त्वज्ञान आणि कविताही. उन्हाळ्यात परदेशी जायचा तेव्हा चित्रांची दालनं आणि ग्रंथालयं बघायचा.

टेलिफोन कंपनीत त्याने जवळजवळ वीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात आजारपणाची एकही रजा घेतली नाही. 1929 च्या जानेवारीत पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. 3 फेब्रुवारी 1929 रोजी तो गेला. वय फक्त 51. जगाच्या ताटकळण्याचा हिशेब मांडणाऱ्या माणसाने स्वतःच्या दुखण्याला मात्र रांगेत सगळ्यात मागे उभं केलं असावं, असं मला उगाच वाटत राहतं. रात्ररात्र जागून सबमिशन पूर्ण करणाऱ्या आणि ताप अंगावर काढणाऱ्या माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणींनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

आता परत हॉस्पिटलमध्ये येऊ. माझी वही भरत आली होती. सकाळी दहाला लॉगिनला 12 सेकंद, 17 सेकंद, कधी 21. मनात आलं, गर्दी आहे, रांग लागणारच, म्हणजे नवा सर्व्हर हवाच. पण सरांनी मला सकाळी सातला यायला सांगितलं. एकच काउंटर उघडं, रांगेत एक आजोबा. लॉगिनला वेळ किती लागला? 10 सेकंद. पुढच्या पेशंटला? 10 सेकंद. त्याच्या पुढच्याला? 10.

मी तिथेच थबकले. एरलांगच्या हिशेबाने, खिडकी रिकामी असेल तर ताटकळणं जवळजवळ शून्य व्हायला हवं. गर्दी नाही तरी 10 सेकंद लागतात, म्हणजे हे 10 सेकंद रांगेचे नाहीतच. ते प्रत्येक लॉगिनच्या कामातच दडलेले आहेत. आणि रांगेची वेळ कमीजास्त होत असते, इतकी नेमकी कधीच नसते. नेमका आकडा आला की समजावं, कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय आणि ठरलेल्या वेळाने कंटाळून सोडून देतंय.

मग तपासायला सुरुवात केली. सर्व्हरचा सीपीयू जवळजवळ रिकामा बसलेला. एकदा लॉगिन झालं की क्वेरी झटकन चालायच्या. सर्व्हरच्याच मशीनवर बसून लॉगिन केलं तर क्षणात. नेटवर्कवरून केलं की 10 सेकंद. डेटाबेस मायएसक्यूएल होता. नेटवर्कवरून नवं कनेक्शन आलं की तो त्या आयपी ॲड्रेसचं नाव काय म्हणून डीएनएसला विचारतो. जणू वॉचमनने येणाऱ्या प्रत्येकाचं नाव ऑफिसला फोन करून विचारावं. आणि इथे ऑफिसच बंद! नावं सांगणारं जुनं मशीन महिन्याभरापूर्वी काढून टाकलं होतं, पण सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पत्ता त्याचाच राहिला होता. लिनक्स ठरल्याप्रमाणे 5 सेकंद वाट बघायचं, मग पुन्हा विचारून आणखी 5 सेकंद. एकूण 10. मग नाद सोडून माणसाला आत घ्यायचं. आणि उत्तरच न आल्यामुळे ते लक्षातही ठेवलं जायचं नाही, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तेच. खात्री करायला सर्व्हरवरून काउंटरच्या एका आयपीचं नाव विचारणारी कमांड दिली आणि स्टॉपवॉच लावलं. 10 सेकंद!

मग मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. गर्दीच्या वेळी मिनिटाला साधारण 40 लॉगिन, प्रत्येकी 10 सेकंद. 400 भागिले 60, म्हणजे 6.67. सॉफ्टवेअरला एका वेळी 8 लॉगिन करायची मुभा होती. आठातल्या जवळजवळ सात जागा नुसत्या वाट बघण्यात अडकलेल्या! सकाळी दहाची वरची रांग त्यातून लागत होती. तेच लॉगिन 0.4 सेकंदात झालं तर भार 0.27. येणारी माणसं तेवढीच, सर्व्हर तोच, फक्त जागा अडवायचा वेळ कमी.

घाई मात्र केली नाही. नाव विचारणं बंद केलं तर ज्या अकाउंटला मशीनच्या नावाने परवानगी दिली असेल ते बाहेर राहील. म्हणून सरांनी आधी सगळे अकाउंट तपासायला लावले. रिपोर्ट काढणारं एक अकाउंट तसं निघालं. त्याला आयपी देऊन टाकला, डीएनएसचा पत्ता दुरुस्त केला, नाव न विचारण्याची सेटिंग टाकली, आणि रात्री कामकाज थांबल्यावर डेटाबेस रीस्टार्ट केला. सकाळी स्क्रीन अर्ध्या सेकंदाच्या आत उघडली. त्या ताईंनी दोनदा माझ्याकडे बघितलं. नव्या सर्व्हरचा प्रस्ताव टेबलावरून गेला, आणि त्याच्या आधी ताईंना द्यायची समज गेली. मला जास्त आनंद दुसऱ्या गोष्टीचा झाला.

एरलांगला जाऊन जवळपास शंभर वर्षं होत आली. 1946 मध्ये टेलिफोन ट्रॅफिकच्या एककाला त्याचं नाव दिलं गेलं, आजही टेलिकॉमवाले भार एरलांगमध्येच मोजतात. वरच्या उदाहरणातले 3, 6.67 आणि 0.27 हे सगळे एरलांगच. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत 1986 पासून तयार झालेल्या प्रोग्रॅमिंग भाषेलाही त्याचंच नाव आहे. ती भाषा 1998 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. हॉस्टेलच्या वॉर्डनपासून मेसच्या काकांपर्यंत सगळे जे व्हॉट्सॲप वापरतात, त्याचे सर्व्हर त्याच भाषेवर उभे राहिले, आणि 2012 मध्ये त्यांच्या एकाच सर्व्हरवर 20 लाखांहून जास्त कनेक्शन एका वेळी चालली होती.

खेड्यातल्या शाळामास्तरांचा मुलगा, पैशाअभावी गावी परतलेला, सात वर्षं शाळेत फळा पुसणारा. आपल्यातले कितीतरी जण अशाच घरांतून इथे आलोत. कॉम्प्युटर हळू चालला की आपण आधी मशीनला नावं ठेवतो, मग समोरच्या माणसाला. एरलांगने दोघांनाही नावं ठेवली नाहीत. त्याने वही घेतली, किती जण आले आणि प्रत्येकाला किती वेळ लागला ते लिहिलं, आणि मगच तोंड उघडलं.

येत्या नवरात्रात मी पुन्हा दर्शनाला जाणार आहे. रांग असणारच, पण या वेळी घड्याळ बघून चिडणार नाही. पुढच्या मावशींशी गप्पा मारीन. त्यातल्या काही गप्पांचे शब्द मला कळणार नाहीत, ते वहीत लिहून घेईन आणि रात्री आईला विचारीन.